प्रोफेसर शिकले ते एक नाव

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने एक करडा डाग दाखवला. "मास इन द हेड ऑफ पॅन्क्रियास," ते म्हणाले. पॅन्क्रियास म्हणजे स्वादुपिंड. ते जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं आणि त्याला डोकं, मान, अंग, शेपूट असे भाग असतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मास म्हणजे गाठ. ते मात्र कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शेजारच्या खुर्चीत माझा नवरा ज्ञानेश हात मांडीवर ठेवून बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "थँक यू, डॉक्टर." मग माझ्याकडे वळून, "चल, ट्रॅफिक लागायच्या आत निघू."

ज्यांच्यापुढे असा पडदा वळवला गेला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. शारजातल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. आजाराबद्दल मला जे थोडं कळलं ते रुग्णालयाच्या खुर्च्यांवर बसून कळलं, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं उशिरा कळलं.

सुरुवात खाजेपासून झाली होती. ज्ञानेशच्या तळहातांना, तळपायांना खाज सुटायची. आम्ही एसीच्या कोरड्या हवेला दोष दिला. मग भूक कमी झाली, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. तो दुबईत काचेच्या इमारतींची कामं घेणाऱ्या एका कंपनीत एस्टिमेशनला होता, म्हणजे काम सुरू होण्याआधी त्याला काय काय लागेल याचा अंदाज बांधायचा. स्वतःच्या शरीराचा अंदाज त्याने "पाणी कमी पडतंय" एवढाच बांधला. एका सकाळी आमच्या अल नहदाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो आमच्या मुलीशी, ईशाशी, बोलत उभा होता. ती म्हणाली, "बाबा, युवर आईज आर यलो."

याला पेनलेस जॉन्डिस म्हणतात, पोटात न दुखता होणारी कावीळ. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि त्यातच त्याचा धोका असतो. गाठ पित्ताच्या नळीला दाबते आणि पित्त रक्तात उतरतं. पुढे ईआरसीपी झाली. त्यात तोंडातून दुर्बीण घालून त्या नळीत एक छोटी नळी, स्टेंट, बसवतात. डोळे हळूहळू पांढरे झाले. बायॉप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्यावर, कर्करोग निघाला. ऑपरेशन होण्यासारखं होतं, आणि या आजारात तेवढंही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

प्रतीक्षाकक्षात नावं पुकारत. ज्ञानेशच्या नावाची पंचवीस वर्षं आखातात जी दशा झाली होती ती तिथेही झाली. कुणी दयानेश म्हणे, कुणी दिनेश. उत्तर भारतीय सहकारी त्याला ग्यानेश म्हणत. पासपोर्टवरचं डी-एन-वाय पाहून केरळच्या नर्सेस क्षणभर थांबत आणि नुसतं "मिस्टर डी?" म्हणत. तो प्रत्येक हाकेला उठायचा. "द ऐकू आला की उभं राहायचं," तो म्हणे. "एखाद्या दिवशी दाऊदचं ऑपरेशन माझ्यावर होईल."

आमच्या डॉक्टरांनी एका जर्मन सर्जनचं नाव सुचवलं. प्रोफेसर वेंडलिंग. जर्मनीतल्या एका विद्यापीठात ते शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर इथल्या तरुण सर्जनांना शिकवायला दुबईत आले होते. मी त्यांच्या पाटीचा फोटो काढून पुण्याला माझ्या मोठ्या दिरांना पाठवला. लगेच फोन आला.

"अगं, प्रोफेसर कशाला? प्रोफेसर शिकवतात. आपल्याला हात चालणारा माणूस हवाय."

"दादा, तिकडे प्रोफेसरच ऑपरेशन करतात. मोठे सर्जन असतात ते."

"आणि हे डॉक्टर डॉक्टर दोनदा का छापलंय? चूक आहे का?"

ज्ञानेशने फोन घेतला. "दादा, एक पोटासाठी, एक पाठीसाठी. माझी गाठ बरोबर मध्ये आहे."

नंतर कळलं की त्यांच्या दोन डॉक्टरेट होत्या, एक वैद्यकाची आणि एक तत्त्वज्ञानाची. आणि तिकडे प्रोफेसर व्हायला त्यावर आणखी एक प्रबंध लिहावा लागतो. दादांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. ज्ञानेशवर त्याचा उलटा परिणाम झाला. दोघा भावांचे वडील मुख्याध्यापक होते. गुरुजी वर्गात आले की उभं राहायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, आपलं रडगाणं गायचं नाही, हे त्या घरातलं वळण होतं. प्रोफेसर खोलीत आले तेव्हा ज्ञानेश उभा राहिला. "प्लीज, सर," असं म्हणत त्याने त्यांना त्यांचीच खुर्ची दिली.

उंच, सडपातळ माणूस. वर्षानुवर्षं टेबलावर वाकून उजवा खांदा थोडा उतरलेला. स्कॅनकडे न बघता त्यांनी आधी विचारलं, "तुमचं नाव कसं म्हणायचं?"

"एनिथिंग, सर. डी इज फाइन."

"नाही," ते म्हणाले. "ज्याचं नाव मला घेता येत नाही त्याच्या पोटात मी हात घालत नाही. मला शिकवा."

मग तो तास सुरू झाला. त्यांच्या भाषेत ग आणि न एकत्र येतात, त्या सवयीने ते आधी "ग्नानेश" म्हणाले. ज्ञानेश संकोचून म्हणाला, "सर, दॅट इज ऑलमोस्ट हिंदी." जीभ दातांमागे, मग न, मग य. प्रोफेसर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांची विद्यार्थिनी डॉ. मरियम, इथलीच, डोक्यावर काळा शेला घेतलेली तरुण सर्जन, बाजूला उभी राहून ओठांतल्या ओठांत तेच पुटपुटत होती. त्या दिवशी दोघांनाही जमलं नाही. पुढच्या भेटीत प्रोफेसरांनी दारातूनच स्वच्छ म्हटलं, "ज्ञानेश." इतक्या वर्षांत या देशात कुणा परक्याच्या तोंडून तो ज्ञ मी ऐकला नव्हता. ज्ञानेश खाली बघून हसला.

ऑपरेशन कसं असतं ते त्यांनी चित्र काढून समजावलं. कागद आमच्या दिशेने ठेवून ते स्वतःच्या बाजूने उलटं काढत होते, म्हणजे आम्हाला सुलट दिसावं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्ताच्या नळीचा भाग, हे सगळं काढायचं. मग उरलेलं पुन्हा आतड्याला जोडायचं. सगळ्यात नाजूक जोड स्वादुपिंडाचा. "ओल्या पावाला शिवण घालायची," ते म्हणाले. ती शिवण पाझरली तर त्याला लीक म्हणतात. त्यातून जंतुसंसर्ग होतो, रक्तस्राव होतो. "बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. सगळे नाही. तुम्ही कुठल्या बाजूला असाल हे मला सांगता येत नाही. माझ्याकडून जे होईल ते सांगता येतं."

"इन्शाल्ला, खैर," डॉ. मरियम म्हणाली, म्हणजे देवाने मनात आणलं तर सगळं चांगलं होईल.

पार्किंगमध्ये ज्ञानेश म्हणाला, "आमच्या साइटवर इन्शाल्ला म्हटलं की काम पुढच्या महिन्यात." मग थोड्या वेळाने, "पण ती मनापासून म्हणाली, नाही का?"

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी प्रोफेसर खोलीत आले आणि पलंगाशेजारी बसले. ज्ञानेशने धीर करून विचारलं, "सर, माझं नाव तुम्हाला कशाला हवं होतं?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते. नदीकाठच्या एका लहान गावात, युद्धानंतरच्या टंचाईच्या वर्षांत त्यांचा जन्म झाला. आई चामड्याचे हातमोजे शिवायची. टाका धरतो, आवळत नाही, हे ते वैद्यकाच्या आधी आईकडून शिकले. आवळलं की चामडं फाटतं. पुढे ज्या मोठ्या सर्जनच्या हाताखाली ते शिकले, त्यांच्या विभागात एक अलिखित नियम होता. गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही. सकाळी राउंडला यावं तर पलंग रिकामा, चादर घडी मोडून ताणलेली, आणि सगळे पुढच्या पलंगाकडे वळलेले. त्यांच्या हातून गेलेली पहिली रुग्ण ट्राम चालवणारी एक बाई होती. हर्टा. तेच ऑपरेशन पुन्हा आलं तेव्हा तरुण वेंडलिंग टेबलापाशी सहज म्हणाले, "इथे परवा हर्टा होती." प्रमुखांनी त्यांना थिएटरबाहेर काढलं.

"बाहेर उभा राहून मी ठरवलं," प्रोफेसर म्हणाले, "की माझं स्वतःचं टेबल असेल त्या दिवशी मी आधी हर्टाचं नाव घेईन."

ते टेबल मिळायला फार वर्षं गेली. ते विभागप्रमुख झाले आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी तसंच केलं. पहिला छेद घेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं. समोरच्या रुग्णाचं नाव घ्यायचं, आणि मग याच ऑपरेशनात आपण गमावलेल्या एका माणसाचं नाव आणि त्याच्याकडून काय शिकलो ते एका वाक्यात. सहकारी म्हणत, याने हात थरथरतात. प्रोफेसरांचं म्हणणं होतं की विसरण्याने हात जास्त थरथरतात, फक्त ते कुणाला दिसत नाही. हजारो हातांत उतरलेली त्यांची ती विद्या, त्यांचे विद्यार्थी किती देशांत पसरले होते, हे सगळं मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. त्यांनी स्वतः फक्त हर्टाबद्दल सांगितलं.

मी भारावून गेले होते. पण त्याच वेळी मनात एकच मागणं होतं. देवा, यांना ज्ञानेशचं नाव समोरच्या रुग्णाचं म्हणून एकदाच घ्यावं लागू दे. दुसऱ्यांदा नको.

ऑपरेशन दिवसभर चाललं. प्रतीक्षाकक्षात एक पाकिस्तानी आजोबा तस्बीहचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढत बसले होते. त्यांनी मला खजूर दिले. दुपार उलटल्यावर डॉ. मरियम आली, मास्क खाली केला आणि म्हणाली, "अल्हम्दुलिल्ला, सगळं निघालं."

पुढचे दिवस चांगले गेले. तो उठून बसला, नळ्या सांभाळत दाराशी जाऊन आला. मी शाळा सुटल्यावर शारजाहून यायचे. मी आत पाऊल टाकलं की त्याचा ठरलेला प्रश्न असे, "ट्रॅफिक कसा होता?" मी सगळं वर्णन करायचे, कुठल्या पुलाखाली किती थांबले, कोण मध्ये घुसलं. घरी असतानाही तो संध्याकाळी आल्यावर हेच आम्ही बोलायचो. आमच्या संसारातलं ते प्रेमाचं बोलणं होतं.

सकाळी प्रोफेसर राउंडला यायचे. सुट्टीच्या दिवशी मी हजर असे, म्हणून मला माहीत आहे. राउंडच्या आधी ज्ञानेश माझ्याकडून कंगवा मागून घ्यायचा. प्रोफेसर विचारायचे, "हाउ आर यू?" तो ताठ व्हायचा प्रयत्न करून म्हणायचा, "फाइन, प्रोफेसर." मराठीत हे कसं म्हणतात, असं त्यांनी एकदा विचारलं. ज्ञानेशने सांगितलं, "बरं आहे." तेव्हापासून ते दारातच म्हणायचे, "ज्ञानेश, बरं आहे?" आणि तो उत्तर द्यायचा, "बरं आहे, प्रोफेसर." दोघांनाही त्यात मजा वाटायची.

तो शनिवार होता. मी सकाळीच पोचले. ज्ञानेशने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं होतं. मी पर्स ठेवली, खुर्ची ओढली. त्याने ट्रॅफिकचं विचारलं नाही.

थकला असेल, असं मला वाटलं. प्रोफेसर आले, तक्ता बघितला. ताप नाही, रक्तदाब ठीक. "बरं आहे?" त्यांनी विचारलं. त्याने केसांवरून हात फिरवला. "बरं आहे, प्रोफेसर." त्यांनी त्याच्या पायावर हात ठेवला आणि ते पुढच्या खोलीत गेले. ज्ञानेशने डोळे मिटून घेतले.

मी नर्सला बोलावलं. "सिस्टर, आज ये ठीक नहीं हैं."

"मॅडम, बीपी नॉर्मल है. क्या हुआ?"

काय झालं हे मला सांगता येईना. "इन्होंने ट्रॅफिक नहीं पूछा," मी म्हणाले, आणि माझं मलाच ते वेड्यासारखं वाटलं. ती हसली नाही. तिने डॉ. मरियमला फोन केला. मरियम आली, तिने नाडी धरली, पोटावर हात ठेवला आणि बाहेर जाऊन प्रोफेसरांना घेऊन आली.

स्वादुपिंडाचा जोड पाझरला होता. त्या पाझराने शेजारची रक्तवाहिनी आतून झिजत होती. सीटी स्कॅन झाला, त्याला पुन्हा थिएटरमध्ये नेलं, मग आयसीयू. तिथे सेप्सिस झाला, म्हणजे संसर्ग रक्तात उतरून एकेक अवयव थकत जाणं. थोड्याच दिवसांत ज्ञानेश गेला.

प्रोफेसर सांगायला आले तेव्हा ते समोर बसले नाहीत, माझ्या शेजारी बसले.

"त्या सकाळी मी त्याला विचारलं," ते म्हणाले. "त्याने विद्यार्थ्यासारखं उत्तर दिलं. प्रोफेसरला विद्यार्थी खरं सांगत नाहीत, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. तुम्ही तिथेच खुर्चीत होता. मी तुम्हाला विचारलं नाही."

"विचारलं असतंत तर वाचला असता का?"

"माहीत नाही. काही वेळ मिळाला असता. तो पुरला असता असं मी म्हणणार नाही, पुरला नसता असंही म्हणणार नाही."

त्यांनी माझी क्षमा मागितली नाही आणि मीही ती देऊ केली नाही. पण एवढं खरं बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. माझ्या रागाला टेकायला जागाच राहिली नाही.

पुढचे दिवस कागदांचे. मृत्यूचा दाखला अरबीत असतो आणि त्या लिपीत ज्ञ नाही. सरकारी कागद टाइप करून देणाऱ्या सेंटरमधल्या केरळच्या मुलाने दोन-तीन तऱ्हेने लिहून बघितलं आणि विचारलं, "चेची," म्हणजे ताई, "यही ठीक है?" मी म्हटलं, ठीक आहे. व्हिसा रद्द झाला, फोन नंबर बंद झाला. या देशात माणूस कामापुरता येतो आणि त्याची जागा भरते, हे मला माहीत होतं. तरी त्याचं नाव इतक्या लवकर कुठेच उरणार नाही, हे मला सोसेना. मी ईशाला म्हटलं, इथे त्याला ओळखणारं कोण राहिलं? ती म्हणाली, "वी आर हिअर, आई."

वर्ष उलटून गेल्यावर रुग्णालयातून निरोप आला. प्रोफेसर कायमचे आपल्या गावी परत जात होते, त्यांचं निरोपाचं व्याख्यान होतं. मी ईशाला घेऊन गेले. तिथे कळलं की ते आता ऑपरेशन करत नव्हते. त्यांच्या उजव्या हाताला किंचित कंप आला होता. तो दुसऱ्या कुणाच्या लक्षात येण्याआधी त्यांच्या स्वतःच्या लक्षात आला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्यार धरलं नाही.

व्याख्यानात त्यांनी यशाबद्दल एक शब्द काढला नाही. आईच्या हातमोज्यांबद्दल बोलले, हर्टाबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला हात शिकवले. ते म्हातारे होतात. नावं सांभाळा." लोक उभे राहिले. त्यांनी मला ओळखलं, खाली उतरून आले आणि दोन्ही हात जोडले. कंप दिसत होता. त्यांनी तो लपवला नाही.

बाहेर डॉ. मरियम आमची वाट बघत होती. ती आता स्वतः तीच ऑपरेशनं करते. थोडी अवघडून म्हणाली, "मी तुमची परवानगी घ्यायला हवी होती. प्रोफेसरांनी जाताना मला एक नाव दिलं आहे. या ऑपरेशनाआधी आम्ही तेच घेतो."

"काय म्हणता तेव्हा?" मी विचारलं.

ती त्या गजबजलेल्या पॅसेजमध्येच स्थिर उभी राहिली, जणू टेबलापाशी आहे. "ज्ञानेश," ती म्हणाली. जीभ दातांमागे, मग न, मग य. "तो म्हणाला, बरं आहे. त्याच्या बायकोला विचारा."

मग तिने सांगितलं की ऑपरेशननंतर रोज सकाळी ती पलंगाशेजारच्या माणसाला विचारते, आज काय वेगळं आहे. अलीकडेच एका फिलिपिनो रुग्णाची बहीण म्हणाली होती, "आज तो माझ्यावर चिडला नाही." त्यांनी लगेच तपासलं, पाझर वेळेत सापडला. तो घरी गेला. बहिणीवर चिडत गेला, मरियम म्हणाली.

जे मागणं मी देवाकडे मागितलं होतं ते पुरं झालं नाही, आणि जे झालं ते मागायची माझी बुद्धी नव्हती. त्याचं नाव दुसऱ्यांदा घेतलं गेलं. ते आता घेतलंच जाईल, मरियमकडून, मग तिच्या विद्यार्थ्यांकडून, ज्यांना पुणे कुठे आहे हेही माहीत नसेल. एका कुठल्याशा ट्रामवाल्या हर्टाच्या मागे तो जाऊन उभा राहिला आहे.

तुम्ही पलंगावर असाल तर डॉक्टरांना बरं आहे म्हणू नका. कसं आहे ते सांगा. आणि तुम्ही खुर्चीत असाल तर तुमच्या माणसाने आज काय विचारलं नाही, ते वेडेपणाचं वाटलं तरी मोठ्याने सांगा. तुम्हाला जे ठाऊक असतं ते तक्त्यावर नसतं.

परतताना गाडी ईशा चालवत होती. शारजाच्या हद्दीआधीच सगळं तुंबलं होतं. लाल दिव्यांची रांग पार पुढच्या पुलापर्यंत दिसत होती. एरवी ती बोलत नाही त्या मराठीत तिने विचारलं, "आई, तू कशी आहेस?"

"बरं—" माझ्या तोंडून निघालं.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिली. मग मी तिला खरं सांगायला लागले. अल नहदाचं वळण आलं तरी ते संपलं नव्हतं, आणि ती वळण न घेता सरळ पुढे गेली.